माळवदावरचे तारे उतरवून घेताना

रत्नागिरीच्या मोटार-अड्ड्यावर हमालाने माझी ट्रंक उचलली आणि हसून पुन्हा खाली ठेवली.

"मास्तर, हिच्यात तर काय नाय!"

"येताना भरलेली असेल," मी म्हटले. त्याने ती एका हाताने मोटारीच्या टपावर भिरकावली आणि माझा सोलापूरचा प्रवास सुरू झाला.

रिकामी ट्रंक घेऊन माणूस एवढा लांब का जातो, हे आधी सांगायला हवे. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो. संध्याकाळी आकाश स्वच्छ असेल तर अंगणात उभे राहून रूपविकारी तारे (ज्यांचे तेज कधी वाढते, कधी घटते असे तारे) पाहायचा मला नाद आहे. कोकणात हा नाद लागणे म्हणजे उपासमारच. पावसाचे चार महिने जातातच, पण एरवीही समुद्रावरची दमट हवा डोळ्यांपुढे पदर धरून बसलेली असते. माझ्यासारखे नादी लोक इतर गावीही आहेत. कुणी मिरजेला पोस्टात आहे, कुणी धारवाडला वकिली करतो. आमचे रडगाणे एकच. प्रत्येकाच्या नोंदी ज्याच्या त्याच्या पेटीत पडून राहतात. एकाने काय पाहिले ते दुसऱ्याला कळत नाही आणि पाहणारा गेला की घरची मंडळी ती वही वाण्याकडे पुड्या बांधायला देतात.

म्हणून आम्ही काही जणांनी ठरवले, की जिथे जुन्या नोंदी असतील तिथून त्या मिळवायच्या, एका पद्धतीने लिहून काढायच्या आणि प्रती निरनिराळ्या गावी ठेवायच्या. ज्याला हव्या असतील त्याने यावे आणि पाहाव्यात. एक प्रत विलायतेला, अशाच नोंदी गोळा करणाऱ्या एका मंडळाकडे पाठवायची. तिकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे त्यांच्या नोंदींतली खिंडारे आपल्या नोंदींनी बुजतात.

सोलापुरात चन्नप्पा नावाचे एक वृद्ध व्यापारी मोठा धूमकेतू दिसला त्या वर्षापासून तारे पाहत आले आहेत, हे मिरजेच्या पोस्टातल्या मित्राने शोधून काढले. पत्रापत्री झाली. त्यांच्या मुलाचे उत्तर आले, "जरूर या." त्या दोन शब्दांवर विसंबून मी ट्रंक उचलली.

आंबा घाट चढून मोटार वर आली आणि कोकणची ओली हिरवाई मागे राहिली. कोल्हापुरास मुक्काम केला. मिरजेच्या स्टेशनवर मित्र डब्यात दशम्या घेऊन उभा होता. तिथून छोट्या रुळांची गाडी. तिचे डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात, आणि मग ओळख करून घेण्याखेरीज इलाज उरत नाही. गाडी जसजशी पूर्वेकडे सरकत गेली तसतशी झाडे विरळ झाली. काळी जमीन, तिच्यावर कणसांनी वाकलेली ज्वारी आणि वर सगळे आकाशच आकाश. एका बाजूच्या क्षितिजापासून दुसऱ्या बाजूच्या क्षितिजापर्यंत मध्ये काहीही येत नाही, असे आकाश मी जन्मात पाहिले नव्हते. समोरच्या शेतकऱ्याला मी ते बोलून दाखवले. त्याने खिडकीतून वर पाहिले आणि म्हणाला, "व्हय, पर पानी न्हाई की त्यात."

पंढरपुरास निम्मी गाडी रिकामी झाली. कुर्डुवाडीस मोठ्या रुळांची गाडी धरायची होती, आणि तिथेच मी घोटाळा केला. फलाटावर एक गाडी उभी दिसली. ट्रंक आत ढकलली, खिडकीशी बसलो आणि मित्राच्या दशमीचा तुकडा मोडला. समोर रेल्वेच्या कारखान्यातला एक कामगार होता. अंगात निळे कपडे, हाताला तेल.

"कुटं निगालाव?" त्याने विचारले.

"सोलापूरला."

"अवो, ही पुन्याला जाती की! उतरा, उतरा!"

गाडीने शिट्टी दिली. मी दारातून उडी मारली. त्याने ट्रंक खिडकीतून बाहेर काढायचा यत्न केला. ती अडकली, त्याने लाथ घातली आणि ती फलाटावर येऊन आदळली, तिला पोचा पडला. मग गाडी चालू होत असताना तोही खाली उतरला. मला म्हणाला, "तुमी परत चुकाल," आणि पुलावरून पलीकडे नेऊन मला सोलापूरच्या गाडीत बसवून दिले. त्याची स्वतःची गाडी माझ्यापायी गेली. मी बोलायला लागलो तर त्याने हात झटकले. "दुसरी हाय की सांच्याला. तुमी बसा." त्याचे नाव विचारायचे राहून गेले, याची चुटपुट अजून आहे.

माढा गेले, मोहोळ गेले, आणि उन्हे कलताना सोलापूर आले. स्टेशनाबाहेर पडतो न पडतो तोच गिरणीचा भोंगा झाला. रस्ता माणसांनी भरून गेला. शेजारून जाणारे दोघे तेलुगूत बोलत होते, मागचे कन्नडात, आणि टांगेवाल्याने मला दखनीत विचारले, "कां जाना जी?" पेठेचे नाव सांगितले. वाटेत कोष्ट्यांच्या गल्लीतून गेलो. घराघरांतून मागांची खटखट एका लयीत चालली होती, आणि दारासमोर रंगवलेल्या सुताच्या लडी लाल, पिवळ्या, जांभळ्या वाळत होत्या.

चन्नप्पांचे घर दगडी. वर माळवद (मातीचे सपाट छत, इकडे पाऊस कमी म्हणून चालते). दारात त्यांचे चिरंजीव सिद्रामप्पा उभे होते. पेठेत त्यांचे भुसाराचे (धान्याचे) दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगाने भरलेले, आवाज मोठा.

"या मास्तर, या. ट्रंकेला काय झालं? भांडान केलं का कुनाशी वाटंत?"

आत चन्नप्पा बसले होते. सारे घर त्यांना अप्पा म्हणते, म्हणून मीही अप्पाच म्हणतो. कृश, ताठ, पांढरे धोतर. डोळ्यांत मोतीबिंदू इतका वाढलेला की मी नमस्कार केला तो त्यांना दिसला नाही. आवाजाच्या दिशेने त्यांनी हात जोडले.

जेवायला कडक भाकरी होती. ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत. तिच्याबरोबर शेंगदाण्याची लाल चटणी, दही आणि एण्णेगायी (तेलात शिजवलेली भरली वांगी). मी भातखाऊ माणूस, भाकरी मोडायला लागलो की तिचे तुकडे पानाबाहेर उडत. वाढणाऱ्या सूनबाई, नीलव्वा, पदराआड हसल्या आणि माझ्या पानावरची भाकरी त्यांनीच दह्यात चुरून दिली. त्या माउलीने तेव्हापासून माझ्या पानात कोरडी भाकरी म्हणून वाढली नाही.

जेवण झाल्यावर वह्या आल्या. लाल कापडी बांधणीच्या, व्यापारी ठेवतात तशा, फडताळाचे दोन खण भरून. मी एक उघडली. एकही अक्षर वाचता येईना. सगळे कन्नडात होते, आकडेसुद्धा.

"या नोंदी तीन-चार गावी लोकांना पाहायला मिळाव्यात असे आमच्या मनात आहे," मी म्हटले. "वह्या मी रत्नागिरीस नेतो, कन्नड येणारा माणूस गाठतो, उतरवून झाल्या की परत आणून देतो."

अप्पांनी माझे बोलणे पूर्ण होऊ दिले. मग म्हणाले, "वह्या घराभाईर जात न्हाईत."

सिद्रामप्पांनी मला कारण सांगितले. फार वर्षांपूर्वी एक शिकलेले गृहस्थ असेच आले होते. गोड बोलून दोन वह्या घेऊन गेले. त्या परत आल्या नाहीत. पुढे एका मासिकात अप्पांनी पाहिलेल्या नोंदी छापून आल्या, त्या गृहस्थांच्या स्वतःच्या नावाने. अप्पांना ते मासिक कुणीतरी आणून दाखवले. "त्या दिशी अप्पा जेवलं न्हाईत," सिद्रामप्पा म्हणाले.

दुसऱ्याच्या लबाडीबद्दल मी जामीन कसा राहायचा? रात्री अंथरुणावर पडून मी परतीच्या गाडीचा विचार करू लागलो.

सकाळी निरोप घेण्यापूर्वी अप्पांशेजारी बसलो, आणि गणित शिकवणाऱ्याची सवय म्हणून एक गोष्ट विचारली. "अप्पा, वेळ लिहिलीत ती कुठल्या घड्याळाची?"

अप्पांची मान माझ्याकडे वळली. "म्हंजे?"

"मुंबईचे घड्याळ वेगळे, रेल्वेचे वेगळे. तुमचे घड्याळ कशावर लावत होता?"

"त्येनं हे इचारलं न्हवतं," ते म्हणाले. ज्याने वह्या नेल्या त्याच्याविषयी ते बोलत होते. "गिरणीच्या भोंग्यावर लावीत हुतो. आदी भोंगा मुंबईच्या टायमावर व्हायचा. मंग कवातरी रेल्वेच्या टायमावर व्हायला लागला. कवापास्नं, ते लिवायचं मला सुचलं न्हाई. ही चूक मला लई टोचती, मास्तर. आता ते कुनालाच ठावं न्हाई."

"मायावतीला ठाऊक असेल," मी म्हटले.

मायावती हा ययाति नक्षत्रातला तारा. तो ठरावीक काळाने अचूक मंद होतो आणि पुन्हा उजळतो. त्याच्या मंद होण्याच्या वेळा आगाऊ काढता येतात. अप्पांनी मायावती मंद झालेली कोणकोणत्या वेळी पाहिली, त्या नोंदी गणिताशी ताडून पाहिल्या तर त्यांच्या घड्याळाची चूक तारा स्वतःच सांगेल. अप्पांना हे क्षणात उमगले. त्यांनी हाक मारली, "नीलव्वा! मायावतीच्या वह्या काड!"

ती सकाळ मी विसरणार नाही. नीलव्वांची कन्नड शाळेत चार बुके (इयत्ता) झालेली. त्या नोंदी वाचून मराठीत सांगत, मी गणित मांडी आणि अप्पा भिंतीला टेकून कान देऊन ऐकत. पहिल्या वह्यांत अप्पांची वेळ दर खेपेस अर्ध्या तासाहून थोडी जास्त आधी पडत होती. पाने उलटत गेलो. अजून तेवढीच आधी, अजून तेवढीच आधी. आणि मग एका उन्हाळ्यानंतर पुढच्या सगळ्या वेळा गणिताला अगदी चिकटून येऊ लागल्या. भोंगा कधी बदलला ते सापडले.

"म्हंजे वाया न्हाई गेलं?" अप्पांनी विचारले.

"काहीसुद्धा नाही. आधीच्या वेळांत तेवढे मिळवले की झाले."

अप्पांनी दोन्ही तळहातांनी डोळे पुसले. मग सुनेला म्हणाले, "मास्तरांची ट्रंक आत ठेव. हितंच बसून उतरवा मनावं. सगळं उतरवा."

मी शाळेला रजेची तार केली. सिद्रामप्पांनी बाजारातून कार्बनचे कागद आणून दिले, म्हणजे एका लिहिण्यात तीन प्रती निघतील. अप्पांची अट एकच होती. एक प्रत घरात राहावी, तीही बाळबोध लिपीत. "ज्यो कोन इल त्येला दावू," ते म्हणाले. "हितं बसून बगा मनावं. च्या देऊ."

आता मुख्य गोष्ट. नीलव्वा नुसत्या वाचणाऱ्या नव्हत्या. अप्पांची दृष्टी अधू होऊ लागली तेव्हा त्यांनी सुनेला माळवदावर नेऊन तारे ओळखायला शिकवले. मोतीबिंदू वाढल्यावर पाहण्याचे काम सगळेच तिच्याकडे आले. हे त्या घरात कुणी लपवलेले नव्हते. नकलेच्या पहिल्याच दिवशी अप्पांनी मला अभिमानाने सांगितले, "आता डोळं हिचं, वही माजी." पण वह्यांवर नाव मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अप्पांचेच.

नकलेत एक रकाना 'पाहणाऱ्याचे नाव' असा असतो. एका संध्याकाळी जेवताना मी म्हटले, की अलीकडच्या वह्यांपुढे त्या रकान्यात सूनबाईंचे नाव यायला हवे.

सिद्रामप्पांचा घास हातातच राहिला. "अप्पांचंच घाला की. घर एकच हाय."

"घर एक असले तरी डोळे दोन माणसांचे आहेत."

"बायकांची नावं कागदावर? अन त्यो कागद इलायतेला? न्हाई मास्तर. दुसरं कायबी सांगा." त्यांचा आवाज चढला नाही, पण पानावरून ते उठले.

अप्पा जेवत राहिले. मला वाटले मिटले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नीलव्वा दिसल्या. नवऱ्याकडे पाठ, सासऱ्यांकडे तोंड.

"मावा," त्या म्हणाल्या (कन्नडात सासऱ्यांना असे म्हणतात), "माजं नाव नको असलं तर ऱ्हाऊ दे. जागा मोकळी सोडा. पर म्या बगितल्यालं तुमच्या नावावर नको. ते खोटं हुतंय. तुमची नजर येगळी, माजी येगळी."

एवढे बोलून त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज जरा जोरातच येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मला वाटले होते की सिद्रामप्पा माझ्याशी बोलणार नाहीत. पण ते सकाळीच बैलगाडी जुंपून आले. "चला मास्तर, हुरडा खायला." अक्कलकोटच्या रस्त्याला त्यांचे रान आहे. ज्वारी कमरेच्या वर आलेली, कणसे दुधाळ. गोवऱ्यांच्या आरावर (निखाऱ्यांवर) कणसे भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायचे आणि गरम हिरवे दाणे चटणीबरोबर तोंडात टाकायचे. मी कितीतरी खाल्ले. सिद्रामप्पा माझ्यासाठी कणसे चोळत बसले होते. त्यांचे तळवे लाल झाले तरी ते थांबेनात.

"मास्तर, माजा राग धरू नका," ते अचानक म्हणाले. "तुमाला ठावं न्हाई. ती सांच्याला माळवदावर उबी ऱ्हाती. शेजारचे आताच बोलत्यात. कुनाकडं बगती, काय करती. म्या ऐकून घितो. तिला सांगत न्हाई. आता छापून आलं मंजी पेठंत तोंड दावायचं कसं?"

मला आदल्या दिवशी त्यांच्याविषयी जे वाटले होते त्याची लाज वाटली. हा माणूस बायकोला वर जायला एका शब्दानेही अडवत नव्हता आणि वर लोकांचे बोलणे एकटा गिळत होता. मी म्हटले, "मी नावाचा आग्रह धरणार नाही. तुम्हीच ठरवा." त्यांनी मान हलवली आणि आणखी एक कणीस आरात खुपसले.

घरी परतलो तर अप्पा माळवदाच्या जिन्याशी काठी टेकून उभे. दिवेलागण झाली होती. "सिद्राम, वर चल," ते म्हणाले. "मास्तर, तुमीबी. नीलव्वा, ये."

सोलापूरच्या थंडीतले ते आकाश! कोकणात मी जे तारे वर्षानुवर्षे शोधून काढतो ते इथे कुणीतरी हाताने मांडून ठेवल्यासारखे होते. शेजारच्या माळवदावर एक म्हातारी मिरच्या गोळा करत होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि पाहतच राहिली. सिद्रामप्पा तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

अप्पांना आता फक्त अगदी ठळक तारे, तेही ठिपक्यासारखे पसरट दिसतात. पूर्वेला आर्द्रा लालसर चमकत होती. ती स्वतः रूपविकारी आहे. तिची तुलना करायची वरच्या रोहिणीशी आणि खाली उगवणाऱ्या प्रश्वेशी. "प्रश्वा जरा वर येऊं दे," अप्पा म्हणाले. आम्ही थांबलो. मग ते म्हणाले, "रोहिनी मंद, प्रश्वा उजळ. दोनीच्या मंदी आर्द्रा कुटं बसती ते सांगायचं. परत्येकानं मास्तरांच्या कानात. दुसऱ्याला ऐकू जाऊ द्यायचं न्हाई."

आधी अप्पा म्हणाले, जवळजवळ प्रश्वेइतकी. नीलव्वा थोड्या दूर उभ्या राहून हळूच म्हणाल्या, रोहिणीहून जराशीच उजळ. सिद्रामप्पांनी डोळे बारीक केले, मान तिरपी केली, बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "अर्द्यावर." मी तिघांचे मोठ्याने वाचून दाखवले.

"असं कसं?" सिद्रामप्पा म्हणाले. "सरळ अर्द्यावर दिसती की. अप्पा, तुमाला एवढी उजळ कशी काय दिसली?"

"माज्या डोळ्यात मोती हाय. तांबडं मला जास्ती दिसतंय."

"अन हिला एवढी मंद?"

"नीट बगा की," नीलव्वा म्हणाल्या. नवऱ्याशी चारचौघांत बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकले. "प्रश्वा खाली हाय, तिथं धुरळा हाय. त्यो धरायला पायजे."

"म्या धरला की धुरळा!"

"न्हाई धरला."

सिद्रामप्पा हसायला लागले. असे हसले की शेजारची म्हातारीही हसली. "घ्या! एका घरात तीन आर्द्रा झाल्या."

अप्पा मात्र हसले नाहीत. चाचपडत त्यांनी मुलाचा दंड धरला. "सिद्राम, माजं बगनं दुसऱ्याच्या नावावर छापलं तवा मला कसं झालं, ते तू बगितलंस. मी हिचं बगनं माज्या नावावर घालू? त्येच्यात अन माज्यात काय फरक ऱ्हातो मंग?"

सिद्रामप्पा वडिलांना धरून जिना उतरवू लागले.

सकाळी मी नकलेला बसलो तेव्हा ते दुकानात जायच्या कपड्यांत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले. "कुटं लिवायचं?" त्यांनी विचारले. मी रकाना दाखवला. ते म्हणाले, "आमच्यात नवरा-बायको एकमेकाचं नाव घेत न्हाईत. लिवायला कुनी नको म्हनलं न्हाई." त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली, आणि दुकानातल्या खतावणीवर लिहितात तशा वळणदार अक्षरांत आधी कन्नडात, मग खाली बाळबोधीत, बायकोचे नाव लिहिले. कार्बनमधून तिन्ही प्रतींवर उठावे म्हणून पेन्सिल जोराने दाबली. मग उठून दुकानात गेले.

थोड्या वेळाने नीलव्वा वाचून दाखवायला आल्या. पानाकडे पाहिले. पदराला हात पुसले, पुन्हा पाहिले आणि काहीतरी चुलीवर राहिल्यासारख्या लगबगीने आत गेल्या. त्या दिवशी जेवायला हुग्गी (गव्हाची गूळ घातलेली खीर) होती. सण कुठला, असे कुणी विचारले नाही. सिद्रामप्पांनी तीनदा मागून घेतली.

नंतरचे दिवस सुखात गेले. नीलव्वा वाचत, मी लिही, अप्पा मध्येच थांबवून म्हणत, "त्या राती ढग हुतं, ते लिवलं का?" माझी बोटे कार्बनने निळी झाली ती परत येईपर्यंत निळीच होती. हरवलेल्या दोन वह्यांच्या काळापाशी आलो तेव्हा मी विचारले, इथे काय लिहू? त्या गृहस्थांचे नाव घालावे असे माझ्या मनात होते. अप्पा म्हणाले, "'वह्या मिळत न्हाईत' एवढंच लिवा. वाचणाराला तेवढंच पायजे." मी तेवढेच लिहिले.

निघताना ट्रंक खरोखरच भरली. दोन प्रती, वर कडक भाकऱ्यांची चळत आणि चटणीचा डबा. अप्पांनी झाकणावर हात फिरवला, पोचा लागलेल्या जागी थांबले आणि म्हणाले, "संबाळून जावा." सिद्रामप्पा स्टेशनावर आले आणि गाडी योग्य आहे ना हे त्यांनी दोन माणसांना विचारून घेतले.

परत आल्याला आता वर्ष होऊन गेले. एक प्रत विलायतेला पोचली. दुसरी माझ्या माडीवर आहे. पावसाळ्यात, आकाशाचे तोंडही दिसत नव्हते तेव्हा, मी ती रोज थोडी वाचत असे. माझ्यावर जेव्हा ढग होते तेव्हा तिकडे कुणीतरी माळवदावर उभे होते, हे वाचताना एकटे वाटत नसे. ज्या घराने मला ओळखपाळख नसताना आत घेतले, भाकरी चुरून वाढली आणि आयुष्यभराचे काम माझ्यापुढे उघडे ठेवले, त्यांचे ऋण कसे सांगावे मला कळत नाही.

दिवाळीनंतर एक बाई दारात उभ्या राहिल्या. बेळगावच्या मुलींच्या शाळेत शिकवतात. असे काही आहे हे त्यांनी धारवाडच्या वकिलांकडून ऐकले होते. दोन दिवस माडीवर बसून त्यांनी फक्त आर्द्रेच्या नोंदी उतरवून घेतल्या. त्या स्वतःही आर्द्रा पाहतात. नीलव्वांच्या एका नोंदीविषयी त्यांना शंका होती, मला तिचे उत्तर देता आले नाही. मी सोलापूरचा पत्ता दिला.

आता त्या दोघी एकमेकींना पत्रे लिहितात. कन्नडात. मध्यंतरी बेळगावच्या बाईंनी नीलव्वांचे एक पत्र कौतुकाने मला पाहायला पाठवले होते. मी ते उलटेसुलटे करून पाहिले. आकडे तेवढे मला आता येतात; बाकीचे एक अक्षर कळले नाही. पाहून झाल्यावर नीट घडी करून मी ते परत पाठवून दिले.